नळ पूर्ण, टँकर चालू: एका आमदाराच्या पक्षाने केलेली जागल

विधानसभेत एकच आमदार असलेल्या पक्षाने कोरड्या नळयोजनांचा प्रश्न कसा लावून धरला, त्याचं हे प्रकरण. ते नाशिक जिल्ह्यातल्या एका डोंगराळ तालुक्यातलं आणि विधान भवनातलं आहे. पक्ष, तालुका, वर्ष, माणसं आणि रकमा मुद्दाम गाळल्या आहेत. गावांची संख्याही दिलेली नाही, कारण जाणकाराला तेवढ्यावरून तालुका ओळखता येईल.

पार्श्वभूमी

महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ जागा. विरोधी पक्षनेतेपदासाठी एका पक्षाकडे त्यातल्या दहा टक्के, म्हणजे २९ जागा असाव्यात असा संकेत धरला जातो. नोव्हेंबर २०२४च्या निवडणुकीत विरोधातल्या एकाही पक्षाला तो आकडा गाठता आला नाही. शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) २०, काँग्रेस १६, राष्ट्रवादी (शरदचंद्र पवार) १०. मोठ्या म्हणवणाऱ्यांचीच ही गत, तर एका आमदाराच्या पक्षाची काय कथा! चर्चेतला वेळ संख्याबळावर वाटला जातो, म्हणजे त्याच्या वाट्याला मिनिटं येतात. कामकाज सल्लागार समिती, लोकलेखा समिती, पंचायती राज समिती अशा ठिकाणी आधी मोठे पक्ष बसतात. विधेयक पाडणं सोडाच, ते अडवून धरण्याइतकीही माणसं त्याच्याकडे नसतात.

तरी एक गोष्ट सगळ्या आमदारांना सारखी मिळते, ती म्हणजे प्रश्न विचारायचा हक्क. तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्याने सभागृहात द्यायचं असतं तो, स्वीकारला गेला की खात्याला लेखी उत्तर द्यावंच लागतं, आणि ते मंत्र्याच्या नावाने छापलं जातं. प्रश्नोत्तराच्या तासाभरात यादीतले मोजकेच प्रश्न प्रत्यक्ष चर्चेला येतात, पण छापील उत्तर कायमचं राहतं. या प्रकरणातला पक्ष एवढ्याच भांडवलावर उभा होता: मुंबईत एक आमदार आणि नाशकात एक कार्यालय. तिथे एक ताई पूर्णवेळ बसत. आमदारांना सगळे भाऊ म्हणत आणि ताईंना भाऊसुद्धा ताईच म्हणत.

अडचण

नाशिकच्या पश्चिम पट्ट्यात, इगतपुरी-त्र्यंबकेश्वरपासून पेठ-सुरगाण्यापर्यंत, पाऊस धो धो पडतो. इगतपुरीची वर्षाची सरासरी ३००० मिलिमीटरच्या वर आहे. पण खाली काळा कातळ आणि वर तीव्र उतार. पेठ-सुरगाण्यातलं पाणी नार, पार, दमणगंगा धरून पश्चिमेला निघून जातं. होळी झाली की विहिरी तळ दाखवू लागतात. विहिरीत उतरलेल्या बायकांचे फोटो दर उन्हाळ्यात छापून येतात. वाचणाऱ्यांना त्यांची सवय झाली आहे, आणि हाही अडचणीचाच एक भाग आहे.

१५ ऑगस्ट २०१९ला जल जीवन मिशन जाहीर झालं. ग्रामीण भागातल्या प्रत्येक घरात नळ आणि माणशी रोज किमान ५५ लिटर पाणी, अशी योजना. मुदत २०२४ची होती, पुढे २०२५च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ती २०२८पर्यंत वाढवली. महाराष्ट्रात निम्मा पैसा केंद्राचा, निम्मा राज्याचा. गावातल्या कामांसाठी लोकवर्गणीही आहे: एरवी दहा टक्के, डोंगराळ आणि आदिवासीबहुल गावांत पाच.

आपल्या तालुक्यातल्या अनेक गावांत टाकी उभी राहिली, गल्लीतून पाइप गेले, दारात तोट्या आल्या. मार्चनंतर त्या तोट्यांना पाणी नव्हतं. कुठे उद्भव विहीर, म्हणजे योजनेला पाणी पुरवणारी विहीर, आटलेली, कुठे विहिरीचं काम अर्धवट आणि टाकी आधी बांधलेली, तर कुठे पंपाला वीजजोडणीच नाही. कागदावर मात्र योजना ‘भौतिकदृष्ट्या पूर्ण’.

भाऊंनी अर्थसंकल्पी अधिवेशनात पहिला प्रश्न टाकला. तो असा होता: तालुक्यातील नळपाणी योजनांच्या कामांत गैरव्यवहार झाला, हे खरे आहे काय? असल्यास चौकशी करून कोणती कारवाई केली? नसल्यास विलंबाची कारणे काय?

उत्तर छापून आलं: हे खरे नाही. प्रश्न उद्भवत नाही.

इथे खात्याला दोष देण्यात फारसा अर्थ नाही. ‘गैरव्यवहार झाला’ हा निष्कर्ष आहे, आणि तो कुठलंही खातं स्वतःहून कबूल करणार नाही. प्रश्नाने त्यांना एका शब्दात सुटायची वाट करून दिली होती. विधिमंडळाच्या छापील याद्या चाळल्या तर असे हातचे घालवलेले प्रश्न पानोपानी सापडतात. आमदारांचे स्वीय सहायक वर्तमानपत्रातलं कात्रण घेतात, त्याच्या शेवटी ‘हे खरे आहे काय’ लावतात आणि पाठवून देतात.

दोन याद्या

त्याच उन्हाळ्यात ताई दुसऱ्याच कामासाठी पंचायत समितीत गेल्या असताना टँकरची यादी त्यांच्या हाती लागली. यादी काही गुप्त नव्हती. गावात टँकर हवा असेल तर ग्रामपंचायत ठराव करून प्रस्ताव पाठवते, तहसीलदार आणि गटविकास अधिकारी संयुक्त पाहणी करतात आणि मग प्रांत किंवा जिल्हाधिकारी पातळीवर मंजुरी मिळते. टंचाईचा अहवाल नियमित वर जातो. म्हणजे टँकरच्या प्रत्येक खेपेमागे सरकारचीच सही असते की या गावात प्यायला पाणी नाही.

दुसऱ्या बाजूला पूर्ण झालेल्या योजनांची यादी. दोन्ही शेजारी ठेवल्यावर बरीच गावं दोन्हींत सापडली. एका खात्याच्या लेखी तिथे घरोघर नळ होता, दुसऱ्याच्या लेखी टँकर.

आजवर हातात फोटो होते, तक्रारी होत्या, बायकांचा संताप होता. त्या दिवसापासून सरकारविरुद्ध सरकारचाच कागद हाती आला. प्रकरणाचा खरा आरंभ मी इथून धरतो.

समोरचे पर्याय

कार्यालयात बैठक झाली, आणि ती एका बैठकीत संपली नाही.

तरुण कार्यकर्त्यांना हंडा मोर्चा हवा होता. तो या पक्षाचा हातखंडा. माणसं जमतात, पंचायत समितीच्या दारात ठिय्या बसतो, टँकरच्या दोन खेपा वाढवून मिळतात. नेमकी तीच ताईंची हरकत होती. मोर्चाने टँकर वाढेल, योजनेची नोंद बदलणार नाही. शिवाय टँकर वाढला की ‘बघा, आम्ही लगेच दखल घेतली’ असं म्हणायला सगळे मोकळे.

पत्रकार परिषद सोपी होती. नाशिकच्या आवृत्त्यांत एक दिवस बातमी, फार तर एखाद्या वाहिनीवर दोन मिनिटं.

भाऊंचा कल हक्कभंगाकडे होता. मंत्र्याच्या नावाने सभागृहात चुकीचं उत्तर गेलं, हा सभागृहाचा अवमान, असं त्यांचं म्हणणं. पण त्यासाठी उत्तर चुकीचं असून भागत नाही, ते जाणूनबुजून दिलं हे दाखवावं लागतं. नोटीस पुढे न्यायची की नाही हे अध्यक्ष ठरवतात. आणि मुळात ‘गैरव्यवहार झाला नाही’ हे उत्तर खोटं होतं हे कुठून सिद्ध करणार? सिद्ध करता येत होतं ते वेगळंच काही.

मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका हा पर्याय पैशाअभावी मागे पडला. त्यावर फार वेळ गेला नाही.

शेवटचे दोन पर्याय लेखी कुठेच नव्हते, पण तेच सगळ्यात जड होते. मोठ्या विरोधी पक्षाच्या एका आमदाराने कागद मागितले. अधिवेशनाच्या शेवटच्या आठवड्यात विरोधक मांडतात त्या अंतिम आठवडा प्रस्तावावर बोलताना ते सरकारवर वापरतो, म्हणाला. तिथे त्याला वेळ भरपूर मिळणार होता. दुसरीकडे सत्ताधारी बाजूच्या शेजारच्या आमदाराने भाऊंना लॉबीत गाठून सांगितलं, प्रश्न कशाला लावता, तुमच्या गावांची नावं द्या, मंत्र्यांना सांगून कामं करून घेऊ.

हा दुसरा प्रस्ताव कुणी हसण्यावारी नेऊ नये. एकट्या आमदाराला मतदारसंघात रस्ता, साकव, सभामंडप दाखवावा लागतो. जिल्हा नियोजनचा निधी पालकमंत्र्यांच्या मर्जीवर हलतो हे नाशकात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. छोट्या पक्षांचा पहारा बहुतेक वेळा अशाच एखाद्या लॉबीत, चहाच्या कपावर संपतो आणि त्याला कुणी गद्दारीही म्हणत नाही, कारण गावाला खरंच काहीतरी मिळालेलं असतं. भाऊंनी दोन दिवस उत्तर दिलं नाही. मग कार्यालयात विषय काढला. ताईंनी विचारलं, “आपली गावं सुटली की यादीतली बाकीची कुणाची?” त्यातली बरीच गावं भाऊंच्या मतदारसंघाबाहेरची होती, हे तोवर कुणी मोठ्याने बोललं नव्हतं.

निर्णय झाला: पुन्हा तारांकित प्रश्न, पण गैरव्यवहार हा शब्द न वापरता.

तयारी

यादी जशीच्या तशी वापरायची का, यावर सगळ्यात कडाक्याचा वाद झाला. मला हा टप्पा अख्ख्या प्रकरणात सर्वांत शिकण्यासारखा वाटतो.

डोंगरी भागात महसुली गाव एक आणि त्याचे पाडे पाच-सात. योजना गावठाणापुरती असू शकते आणि टँकर लांबच्या पाड्याला जात असतो. अशा वेळी दोन्ही नोंदी खऱ्या असतात. काही ठिकाणी एकाच नावाची दोन गावं होती, खुर्द आणि बुद्रुक, आणि याद्यांत शेपटी गळालेली. कुठे योजना टँकर बंद झाल्यावर, म्हणजे पावसाळ्यात पूर्ण झाली होती.

कार्यकर्त्यांचं म्हणणं, आकडा मोठा असला तर बातमी मोठी होते, एखाददुसरं गाव इकडेतिकडे झालं तर काय बिघडलं. ताईंचं म्हणणं उलटं. मंत्री उभा राहून यादीतलं एकच चुकीचं गाव वाचून दाखवेल आणि उरलेली सगळी यादी त्या एका गावाबरोबर बुडेल. मोठ्या पक्षाचं असं हसं झालं तर तो दुसऱ्या दिवशी दुसरा विषय काढतो. एका आमदाराच्या पक्षाला ते सोसत नाही. त्याच्याजवळ विश्वासार्हतेखेरीज दुसरं काही नसतं, आणि सभापटलावर ती एकदा गेली की अध्यक्षही त्याच्याकडे बघायचं टाळतात.

मग पाड्यापाड्यावर माणसं गेली. टँकर नेमका कुठे रिकामा होतो, नळ कुठपर्यंत आहेत, लोकवर्गणी भरली का, ‘हर घर जल’चा, म्हणजे घरोघर नळाचं पाणी आल्याचा, ग्रामसभेचा ठराव झाला का आणि झाला तर त्या दिवशी किती माणसं हजर होती. जे कागद मागून मिळाले नाहीत त्यांसाठी माहिती अधिकाराचे अर्ज गेले. कायद्यात ३० दिवसांची मुदत आहे. काही अर्जांना उत्तर आलं, काहींवर पहिलं अपील करावं लागलं. ज्या गावाबद्दल किंचितही शंका, ते गाव कापलं. उरलेली यादी मूळ यादीच्या निम्म्याहूनही लहान होती.

प्रश्न नव्याने लिहिला. गेल्या उन्हाळ्यातल्या अमुक तारखेला तालुक्यात टँकर सुरू असलेली गावे कोणती? त्यांपैकी कोणत्या गावांतील योजना त्या तारखेपूर्वी भौतिकदृष्ट्या पूर्ण दाखवल्या आहेत? अशा गावांत टँकर सुरू ठेवण्याची कारणे काय? ‘हे खरे नाही’ म्हणायला यात जागाच नव्हती. खात्याला दोन याद्या जोडाव्या लागणार होत्या किंवा जोडायचं टाळताना दिसावं लागणार होतं.

आता अधिवेशन कोणतं? डिसेंबरचं नागपूर की मार्चचं मुंबई? नागपूरचं अधिवेशन आटोपशीर, आणि डिसेंबरात विहिरी भरलेल्या असतात, पाण्याच्या प्रश्नाकडे कुणाचं लक्ष जायचं नाही, म्हणून मार्च ठरला. या निर्णयाकडे पुढे परत यावं लागेल.

मोठ्या विरोधी पक्षाचंही काहीतरी करायला हवं होतं. एकाच विषयावर अनेक सदस्यांनी प्रश्न दिले की ते एकत्र छापले जातात, अनेक नावांनिशी. भाऊंनी कागदाचा गठ्ठा दिला नाही, पण प्रश्नाचा मसुदा दिला आणि सांगितलं, हाच टाका. त्यांच्या तिघांनी टाकला. प्रश्नाचं वजन वाढलं. बदल्यात यादीत पहिलं नाव त्यांचं आलं आणि भाऊंचं शेवटी.

सभागृहातला तास

छापील उत्तरात खात्याने काही गावांबाबत ‘अंशतः खरे आहे’ असं म्हटलं आणि कारण दिलं: उद्भव कोरडा पडल्याने तात्पुरता टँकर. पहिल्या नावाचे सदस्य उठले आणि त्यांनी थेट हजारो कोटींच्या भ्रष्टाचाराचं भाषण केलं. समोरून तुमच्या काळात काय झालं ते निघालं. गोंगाट झाला. ताई नाशकात मोबाइलवर थेट प्रक्षेपण बघत होत्या, तास हातातून चालला होता.

भाऊंना एकच उपप्रश्न मिळाला. त्यांनी यादीतलं एकही गाव वाचलं नाही. विचारलं एवढंच: टँकर मंजूर करणारे अधिकारी आणि योजना पूर्ण दाखवणारे अधिकारी, यांच्यापैकी कुणाची पाहणी शासनाला मान्य आहे?

मंत्र्यांना एकाची बाजू घेणं शक्य नव्हतं. त्यांनी दोन्ही विभागांकडून संयुक्त पाहणी करून अहवाल मागवू आणि कार्यान्वित नसलेल्या योजनांची अंतिम देयकं तोवर थांबवू, असं सांगितलं. लोकप्रतिनिधींना सोबत घ्या, अशी सूचना अध्यक्षांनी केली. ‘तातडीने पाहणी करू’ हे शब्द कामकाजात नोंदले गेले.

त्या संध्याकाळी कार्यालयात पेढे वाटले गेले.

पुढे काय झालं

पाहणी जुलैत झाली. मृग लागून गेला होता, ओढे वाहत होते, उद्भव विहिरी काठोकाठ भरल्या होत्या. तोट्या सोडल्या तर पाणी येत होतं. पथकाने जे पाहिलं ते लिहिलं: योजना कार्यान्वित.

तरी पूर्ण फसलं असंही नाही. ज्या गावांत विहिरीचंच काम अर्धवट होतं किंवा पंपाला वीजजोडणी नव्हती, तिथे पाऊस काही झाकू शकला नाही. त्या गावांची देयकं थांबली आणि ठेकेदारांना कामं पुरी करावी लागली. एकदोन ठिकाणी नवा उद्भव शोधायचं ठरलं. आटणाऱ्या विहिरींची गावं मात्र जिथल्या तिथे राहिली. एकाही अधिकाऱ्यावर कारवाई झाली नाही. तालुक्यात एक बारीकसा बदल झाला: टँकरच्या प्रस्तावावर संयुक्त पाहणी करताना नळयोजनेची स्थिती पंचनाम्यात लिहिली जाऊ लागली. असं कुठलं परिपत्रक निघालेलं नव्हतं. पुन्हा कुणी दोन याद्या जोडेल, या धास्तीने खालच्या लोकांनीच स्वतःला सावरून घेतलं होतं.

श्रेयाचं जे व्हायचं ते झालं. तालुक्याच्या चौकात मोठ्या पक्षाचा फलक लागला, ‘पाणीप्रश्नी शासनाला धारेवर धरले’. भाऊंचे कार्यकर्ते चिडले. भाऊंच्या मतदारसंघातली दोन रस्त्यांची कामं त्या वर्षी जिल्हा नियोजनच्या यादीत आली नाहीत. त्याचा या प्रश्नाशी संबंध होता का, हे कुणी सिद्ध करू शकणार नाही.

काय वेगळं करता आलं असतं

नागपूर सोडायला नको होतं. डिसेंबरात प्रश्न थंड पडेल ही भीती खरी होती, पण डिसेंबरात मिळालेल्या आश्वासनापुढे अख्खा उन्हाळा मोकळा असतो. मार्चअखेर मिळालेल्या आश्वासनाला सरकारी गतीने पावसाळाच गाठतो. शेतीचं, पाण्याचं, चाऱ्याचं काहीही विचारायचं असेल तर प्रश्न कधी गाजेल यापेक्षा पाहणी कधी होईल हे आधी मोजायला हवं. विरोधी बाकांवरचे मोठे पक्षही हे मोजत नाहीत, त्यांचा हिशेब दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यापर्यंतचा असतो.

‘तातडीने’ हा शब्द तसाच जाऊ द्यायला नको होता. उपप्रश्न एकच होता हे मान्य. पण मंत्री खाली बसताना जागेवरूनच ‘मे महिन्यात का?’ एवढं विचारता आलं असतं. होकाराची मान हलली असती, कदाचित तारीख नोंदली गेली असती. भाऊंचं यावर म्हणणं असं की तेवढ्याने मंत्री सावध झाले असते आणि देयकं थांबवण्याची गोष्ट हातची गेली असती. त्यात तथ्य आहे. मला तरी देयकांपेक्षा तारीख मोलाची वाटते.

मसुदा मोठ्या पक्षाला देण्यावर कार्यालयात अजून दोन तट आहेत. एकट्याच्या नावाने प्रश्न चर्चेला आलाच असता याची खात्री नव्हती आणि नुसत्या छापील उत्तरावर देयकं थांबली नसती. तेव्हा मसुदा दिला ते बरोबरच. पण प्रश्न दिलेल्या चौघांनी आदल्या रात्री आमदार निवासात अर्धा तास बसून कोण काय विचारणार हे ठरवायला हवं होतं. ते झालं नाही, कारण भाऊंनी विचारलं नाही आणि त्यांना गरज वाटली नाही.

यादी कापण्याचा निर्णय मात्र कुणी आज बदलायला तयार नाही. पाहणी पथकाने जी गावं पाहिली त्यांत पाड्यांची किंवा खुर्द-बुद्रुकची एकही गल्लत निघाली नाही.

सभागृहात मंत्र्यांनी दिलेली आश्वासनं पाळली गेली का, हे पाहणाऱ्या आश्वासन समितीकडे भाऊंनी पत्र दिलं आहे. जुलैतली पाहणी आश्वासनाच्या हेतूला धरून झाली नाही, ती टंचाईच्या काळात पुन्हा करावी, अशी मागणी आहे. समितीत त्यांच्या पक्षाचा सदस्य नाही, त्यामुळे विषय कधी लागेल ते समितीवर. दरम्यान ताईंनी नागपूरसाठी नवा मसुदा केला आहे. त्यात चौथा भाग वाढवला आहे: फेरपाहणी ३० एप्रिलपूर्वी पूर्ण करण्यात येणार आहे काय?